केशोरीच्या मंडईत उभ्यानं ऐकलेलं गाणं

मला गाता येत नाही. हे मी यंदापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

तरुणपणी केशोरीच्या मंडईत (दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा) मी नाटकात नायक व्हायचो. चेहरा माझा, संवाद माझे. गाणं आलं की मी ओठ हलवायचो आणि पडद्यामागून देवाजी गायचा. समोर माणसं दिसली की त्याचा आवाज बसायचा, म्हणून ही युक्ती. ती आम्हा दोघांत आणि पेटीवाल्यात राहिली. पेटीवाला आता नाही.

नाटक पाहून वंदनाचे वडील मला बघायला आले. "गाणारा पोरगा तूच का गा?" त्यांनी विचारलं. पाण्याचा तांब्या घेऊन देवाजी शेजारीच उभा होता. मी हो म्हणालो. तो खाली बघून हसला.

लग्नानंतर, गळा बिघडला, डॉक्टरनं गाणं बंद केलं, असं मी सांगून टाकलं. तेव्हापासून वंदना माझा गळा जपते आहे. दही नाही, बर्फ नाही, थंडी पडली की मफलर. तिच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाची डबी कायम असते.

केशोरीला मी पुन्हा गेलो नव्हतो. यंदा तिनंच फोनवर जाहिरात पाहिली. "तुमच्या देवाजीची पोरगी बँड घेऊन येऊन राहिली केशोरीले. जाऊ ना!" नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

गोंदियाहून सकाळची पॅसेंजर धरली. शेजारच्या गृहस्थांनी माझा मफलर पाहून विचारलं, "तबीयत ठीक नहीं क्या, भैया?" मी तोंड उघडण्याआधी वंदना म्हणाली, "गानेवाले हैं ये." त्यांनी आदरानं सरकून जागा दिली. त्या जागेवर मी सौंदडपर्यंत अंग चोरून बसलो.

सौंदडहून बस. दोन्ही बाजूंना कापलेलं धान शेताच्या बांध्यांमध्ये पसरलेलं, उन्हात पिवळं. एका थांब्यावर उतरताना वंदनाच्या चपलेचा अंगठा तुटला. सेफ्टी पिन लावून ती मंडईभर फिरली. आम्ही लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले, उकडलेले शिंगाडे घेतले. तिनं कुल्फीच्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागली.

असा कार्यक्रम कधी पाहिला नसेल तर काय अपेक्षा ठेवावी, तेही सांगतो. आधी बराच वेळ नुसतं "चेक, चेक" चालतं. रंगमंच रात्रीच्या नाटकाचाच होता. रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यापुढे ड्रम, गिटार, कीबोर्ड. दिवस अजून मावळायचा होता. लोकांनी नाटकाची जागा धरायला बोऱ्या अंथरल्या होत्या. देवाजीची पल्लवी साध्या कुर्त्यात आली नि म्हणाली, "बसू नका. आमच्या गाण्याले उभंच राहा लागते."

"कायले वो?" पुढच्या बोरीवरून एक म्हातारी ओरडली. "पाय तू दाबून देशील का?"

"देईन ना आजी. गाणं झालं की येतो."

हशा पिकला आणि म्हातारीसकट सगळे उठले.

गाणी लहान होती. ना देवाधर्माची, ना लढाईची. एक खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीवर होतं, एक फोन न उचलणाऱ्या माणसावर. पल्लवी शेजारी बसून बोलावं तशी गायची. आवाज बापाचाच. मी मफलर कानांवर ओढला.

मग ते गाणं आलं. "थांब जरासा, येऊन राहिली मी." एवढीच ओळ पुन्हा पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं माइक आमच्याकडे वळवला. सगळी मंडई गाऊ लागली. वंदनानं माझा दंड धरला. "एक ओळ गा ना. एका ओळीनं काई होत नाई." तिनं पर्समधून ज्येष्ठमधाची कांडी काढून माझ्या हातात दिली.

ओठ हलवणं मला येत होतं. आयुष्यभर तेच केलं. पण तिचा कान माझ्या तोंडाशी होता.

मी गायलो. म्हशीची वेसण ओढल्यावर निघावा तसा आवाज निघाला. शेजारचं पोर वळून बघू लागलं. वंदनाही बघत राहिली.

"हा गळा बिघडलेला नाई," ती हळूच म्हणाली. "हा गळाच नाई."

"नाई," मी म्हणालो. "तो देवाजी होता."

तिनं माझा दंड सोडला. पुढे पल्लवी नावं घेत होती: ड्रमवाल्याचं, गिटारवाल्याचं, आवाज सांभाळणाऱ्याचं, अगदी जीप चालवणाऱ्याचंसुद्धा. प्रत्येक नावाला टाळ्या. नाव घ्यायला एवढाच वेळ लागतो.

"कुठी आहेत ते?" वंदनानं विचारलं.

मला ठाऊक होतं. तिला घेऊन पडद्यामागे गेलो. देवाजी एका पेटाऱ्यावर बसला होता, डोळे मिटून. केस पांढरे.

"काऊन गा, पोरीचं गाणं समोरून नाई आयकत?" मी विचारलं.

"मागून बरं आयकू येते," तो म्हणाला. मग डोळे उघडले. "तू? मफलर कायले गुंडाळला रे नायका?"

वंदना खाली वाकली, त्याच्या पाया पडली. "भाऊजी, मले सांगितलं यायनं. आत्ताच."

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच? मंग तं लवकरच म्हणा लागन." आणि तसाच, खाली बघून हसला. त्याच्या घरी जेवल्याशिवाय त्यानं आम्हाला सोडलं नाही. ताटात दही होतं. वंदनानं ते माझ्याकडे सरकवलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. रागावली होती, आहे, आणि तो तिचा हक्क आहे. गोंदिया जवळ आल्यावर तिनं माझा मफलर सोडवला, घडी केली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. तिला थंडी वाजत होती. इतक्या हिवाळ्यांत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बायकोला सांगून झालं, तुम्हाला लिहून झालं. केशोरीच्या त्या रंगमंचावर, पडद्यापुढे उभं राहून देवाजीचं नाव मोठ्यानं घेणं अजून माझ्याकडे बाकी आहे.