मागचा काळा दगड

तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करतोय आणि तिथला एक नियम माझ्या अंगात मुरलाय. ज्यानं रीडिंग घेतलं, सही त्यानंच करायची. शेजारचा कितीही घाईत असो, त्याच्या आकड्यासमोर माझी सही पडणार नाही. यावरून लॅबमध्ये मी खडूस म्हणून ओळखला जातो. पुढे जे सांगणार आहे ते याच खडूस माणसाच्या हातून घडलं, म्हणून नियम आधी सांगून टाकला.

फोटोंचा नाद मला चाळिशीला लागला. आधी एक साधा कॅमेरा घेतला, मग जरा वरचा, मग पक्ष्यांसाठी लांब लेन्स, मग ट्रायपॉड, मग हे सगळं मावेना म्हणून दुसरी बॅग. आमच्या बोईसरच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, म्हणून डब्यात सिलिका जेल ठेवतो. ते गुलाबी पडलं की लॅबच्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळं करून आणतो. वाळूत पालथं पडून फोटो काढायचे तर लेन्सखाली उशी लागते. ती बायकोनं माझ्या जुन्या जीन्सचा पाय कापून शिवली आणि आत वाल भरले. किडके वाल, अर्थात. चांगले वाल ती कॅमेऱ्याखाली घालायला देणं शक्यच नाही.

बायको कुंभवलीच्या अंगणवाडीत सेविका आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर येते आणि दुसरी बॅग धरते. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगायचो, की ती बॅग धरते.

पालघरमधल्या हौशी लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे आम्ही फोटो टाकतो आणि एकमेकांना वा वा म्हणतो. निवृत्त झालेले एक चित्रकलेचे शिक्षक तो चालवतात, त्यांना सगळे सर म्हणतात. सर क्वचितच काही लिहितात. आठ वर्षांत माझ्या वाट्याला त्यांचा नुसता अंगठा आला होता. तो अंगठा मला लागायचा, खोटं कशाला बोलू. एकदा तरी त्यांनी दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो.

जानेवारीत आम्ही शिरगावच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती आणि ओल्या वाळूत लहान पक्षी किडे टिपत फिरत होते. मी लांब लेन्स लावून उशीवर टेकवली आणि पालथा झालो. घरी आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली आणि फोटो चाळायला बसलो. पक्षी, पक्षी, पक्षी, आणि मध्येच एक बाई. जुन्या जाळ्यावर जवळा, म्हणजे बारीक सुकट, पसरता पसरता मान वर करून खदखदून हसतेय. मागे वाळू, पाणी आणि एक काळा दगड. हा मी कधी काढला ते आठवेना. पण चांगला होता. मी कोपऱ्यात माझं नाव टाकलं आणि पक्ष्यांच्या जोडीला तोही ग्रुपवर चढवला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत फोन बघतो तर सरांनी लिहिलेलं. 'या फोटोपाशी बराच वेळ थांबलो. हसू तर आहेच, पण मागचा तो काळा दगड! त्यानं फोटोला वजन आलंय. मुद्दाम घेतलात का?'

मी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'हो सर, मुद्दामच. तो नसता तर चित्र रिकामं वाटलं असतं.'

मग ग्रुपमध्ये त्या दगडाचं जे कौतुक सुरू झालं ते काही विचारू नका. कुणाला त्यात एकटेपणा दिसला, कुणाला काळ थांबलेला दिसला. शंभर जणांच्या बदामांत बायकोचाही एक बदाम होता. ती माझ्या प्रत्येक फोटोला देते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कुणीतरी सेटिंग विचारलं तेव्हा मी फाईलची माहिती उघडली. फोटो जुन्या कॅमेऱ्यानं काढलेला होता आणि चक्क ऑटोवर. मी गोंधळलो. ऑटोवर फोटो काढणाऱ्यांना मी ग्रुपमध्ये उघड टोमणे मारतो. बॅगेत घासून चकती फिरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि उत्तर टाकलं, 'कधी कधी मी सगळं कॅमेऱ्यावर सोडून देतो.' या वाक्यालाही लोकांनी बदाम दिले.

आणि मग सरांचा फोन आला. "रविवारी पालघरला आपली बैठक आहे. या फोटोमागची गोष्ट तुम्ही सांगायची."

गोष्ट कुठली सांगू? मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा बघत बसलो आणि जितका बघावा तितका बुचकळ्यात पडत गेलो. त्या भागात काळा दगड असल्याचं मला आठवत नव्हतं. आणि त्याहून विचित्र म्हणजे ती बाई सरळ कॅमेऱ्यात बघून हसत होती. माझी लेन्स दिसली की माणसं ताठ होतात, पदर सावरतात, नाहीतर पाठ फिरवतात. आठ वर्षांत माझ्याकडे बघून असं कुणीच हसलं नव्हतं. हिला माझ्यात एवढं काय दिसलं? आणि एवढं होऊनही मला काहीच कसं आठवत नाही? डोक्याला काही झालंय की काय, अशी खरोखर भीती वाटली. बायकोला विचारावं तर ती म्हणाली असती, तुम्हाला कुठं काय आठवतं. म्हणून तिला विचारलं नाही.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. बाईक काढली आणि एकटाच शिरगावला गेलो. ती बाई त्याच जागी जवळा हलवत होती. मी फोन पुढे धरला.

"मावशी, हा फोटो मी काढला तेव्हा तुम्ही कशाला हसत होता?"

तिनं लुगड्याला हात पुसले आणि फोन डोळ्यांजवळ नेला. "तुमी नाय काढला. तुमची बायको व्हती ना, तिनी काढला. कवाच्या गप्पा मारीत व्हतो आमी."

"आणि मी कुठे होतो?"

तिनं त्या काळ्या दगडावर बोट ठेवलं. "ह्यो कोन हाय मंग? तुमीच ना? पालथे पडलेले! बायको बोलली, पानी अंगावर येल तवाच उठतील. आमी तुमालाच हसत व्हतो." आणि ती परत तशीच हसली, यावेळी माझ्या तोंडावर.

जवळ्याचा वास लागलेली काच मी रुमालानं पुसली आणि फोटो मोठा केला. दगडाला बुटांचे दोन तळवे होते.

परतताना मला आधी राग आला. कुणाचा, ते ठरेना. मग लाज वाटली, आणि ती मात्र नेमकी कशाची ते कळत होतं. दुसऱ्याच्या रीडिंगवर मी सही ठोकली होती, तीही मोठ्या अक्षरांत. पोस्ट काढून टाकावी आणि रविवारी आजारी पडावं, असंही मनात आलं. पण सरांच्या त्या दोन ओळी सोडवत नव्हत्या.

घरी बायको भाजी निवडत होती.

"शिरगावचा तो फोटो तू काढलास?"

"हो," ती म्हणाली, मीठ संपलंय का विचारल्यावर म्हणावं तसं. "जुना कॅमेरा माझ्याकडेच दिला होतात. हिरव्या खुणेवर आणून दाबलं."

"मग बोलली का नाहीस? मी खुशाल नाव टाकून मोकळा झालो!"

"मला वाटलं, बघाल तेव्हा ओळखाल," ती म्हणाली. "रोज वाट बघत होते. तुम्ही दगडाचंच कौतुक करत बसलात."

रविवारी माझ्याबरोबर चल, एवढंच म्हणालो.

बैठक पालघरमधल्या एका शाळेच्या वर्गात होती. फोटो भिंतीवर मोठा लावला होता, कोपऱ्यात माझ्या नावासकट. मी उभा राहिलो. "सर, हा फोटो माझा नाही. नाव मी चुकून टाकलं, आणि नंतर विचारलंत तेव्हा थापा मारल्या. फोटो माझ्या बायकोनं काढलाय." ती शेवटच्या बाकावर बसली होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. तो दगड कोण, हे सांगायचं धैर्य माझ्याजवळ उरलं नव्हतं.

सरांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि ते तिच्याकडे वळले. "ताई, मग मला तुम्हीच सांगा. तो मागचा दगड मुद्दाम घेतलात की आपोआप आला?"

ती उभी राहिली. लहान मुलांना समजावते त्याच आवाजात म्हणाली, "दगडाचाच काढत होते, सर. मावशी मध्ये आल्या."

वर्ग हसला. सरही हसले. मी मात्र खाली मान घालून, आठ वर्षांतल्या माझ्या एखाद्या तरी फोटोत ती आहे का, हे आठवत राहिलो, आणि एकही आठवेना.