सिप्रियनची मूत्रपिंडं

पाचूबंदरच्या कोळ्यांत जन्मून ज्याला बोट लागते, त्याने करायचं तरी काय? सिप्रियनने मेणाचा धंदा केला. सतराव्या वर्षी तो बापाबरोबर होडीत चढला आणि धक्का नजरेआड व्हायच्या आत पोटातलं सगळं समुद्राच्या स्वाधीन करून मोकळा झाला. असं तीनदा झाल्यावर बापानेच हात जोडले. आज छत्तिसाव्या वर्षी सिप्रियनच्या मेणाला आसपासच्या गावांतून मागणी आहे.

नुसत्या मेणबत्त्या तर कुणीही करील. सिप्रियनची खरी कारागिरी नवसाच्या मेणात. ज्याचा जो अवयव दुखतो, तो त्याची मेणाची प्रतिकृती चर्चमधल्या माउलीच्या पायाशी वाहतो. गुडघा धरला असेल तर पाय, मोतीबिंदू असेल तर डोळे, जागा हवी असेल तर घर, मूल हवं असेल तर बाळ. सगळ्याचे साचे त्याच्याकडे होते. बायको प्रिस्का सणाच्या दिवशी चर्चबाहेर टेबल मांडून ते विकायची, आणि दर वर्षी त्यातलं एक बाळ गुपचूप स्वतःसाठी बाजूला काढायची.

लग्नाला सात वर्षं झाली होती. प्रिस्काने तीन डॉक्टर केले, सुया टोचून घेतल्या, नळ्या तपासून घेतल्या. सगळं ठीक निघालं. तिन्ही डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला आणा. सिप्रियन म्हणाला, "मला काय धाड भरलीय? मेणाची गोण एका दमात खांद्यावर घेतो मी." खरं सांगायचं तर त्याची पाचावर धारण बसली होती. खोट आपल्यात निघाली तर? या एका भीतीपोटी तो सात वर्षं गप्प राहिला, आणि आई लूर्डस उंबऱ्यात बसून सुनेला ऐकवत राहिली, तेही त्याने ऐकून घेतलं.

अशात यंदा त्याला दुखायला लागलं. आणि कुठे, तर ज्या जागेचा त्याच्याकडे साचा नव्हता तिथे. दिवसभर शेगडीपुढे उभं राहिलं की संध्याकाळी डावा अंडकोष जड व्हायचा, खाली ओढल्यासारखा दुखायचा. आडवं झालं की थांबायचं. मग सिप्रियन सारखा आडवा व्हायला लागला. आठवडाभर हे बघितल्यावर लूर्डसने निदान केलं.

"उसन भरलीय तुला. कंबर शेकते, थांब."

शेकून घेणं भाग होतं. भलत्याच जागेचा इलाज तो मुकाट सोसत राहिला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ती दुसरी तपासणीही आलीच, म्हणून त्याने सरळ नवस बोलायचं ठरवलं.

सणाच्या आदल्या दुपारी त्याने खोलीला आतून कडी लावली. साचा नाही म्हणजे हाताने घडवणं आलं. आता दुसरा कुणी असता तर दोन गोळे वळून मोकळा झाला असता, पण सिप्रियन पडला कारागीर! डावा त्याने उजव्यापेक्षा जरासा खाली ठेवला, कारण तो तसाच होता. त्याच्यावर हाताला लागणारा दोऱ्यांसारखा गुंताही त्याने सोडला नाही. वातीचे दोरे मेणात बुडवून, पिळून तिथे हुबेहूब बसवले. पहिली जोडी मनासारखी होईना म्हणून दुसरी केली. मग हात असा काही रंगात आला की पाच वाजेपर्यंत सहा जोड्या तयार! त्या एका ताटात झाकून ठेवून तो समाधानाने आडवा झाला.

सकाळी तो चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेला आणि प्रिस्काला ताट सापडलं. मुतखड्याची गिऱ्हाइकं कितीतरी वर्षं मूत्रपिंड मागत होती, आणि ती नवऱ्याच्या मागे लागून थकली होती. कापड उचलताच तिला भरूनच आलं. ऐकलं म्हणायचं या माणसाने एकदाचं! तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मूत्रपिंडं, जोडीने मिळतील', आणि ताट टेबलावर मधोमध मांडलं.

सिप्रियन मिस्सा आटोपून आला तेव्हा चार जोड्या खपल्या होत्या. पाचवी लॉरेन्सकाकांनी घेतली. काका दोन वेळा खड्याने लोळलेले, त्यामुळे त्यांची श्रद्धा दांडगी. सिप्रियनचं ते सगळं दोन्ही हातांनी छातीशी धरून, डोळे मिटून, ते रांगेतून माउलीकडे निघाले. सिप्रियन दोन पावलं त्यांच्यामागे गेला आणि थांबला. काकांना अडवावं तर सांगायचं काय?

"सिप्री, सगळे म्हणतायत अगदी खऱ्यासारखी आहेत," प्रिस्का म्हणाली.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण जोआना आली. ती विरारच्या एका इस्पितळात नर्स होती, तीही नेमकी मूत्रविकारांच्या विभागात. उरलेली जोडी तिने उचलली, फिरवून पाहिली. वातीच्या गुंत्यावरून बोट फिरवलं. मग पुठ्ठा वाचला, भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी आभाळाकडे पाहत होते. तिने त्यांचा हात धरला आणि टेबलामागे नेलं.

"भाऊजी, हे कुणाचं?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"त्या गिऱ्हाइकाला उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं?"

"तुला कसं कळलं?" गिऱ्हाईक म्हणालं.

जोआनाने हसू दाबलं. "कित्येकांच्या पायावरच्या शिरा फुगतात ना, तशा इथल्याही फुगतात. व्हॅरिकोसील म्हणतात त्याला. बहुतेक डावीकडेच होतं. पण हा माझा अंदाज झाला. जंतुसंसर्गानेही दुखतं, मार लागून दुखतं, हर्नियाने दुखतं, खडा असला तरी कळ खाली उतरते. डॉक्टरने हात लावून बघायलाच हवं. आणि अचानक असह्य कळ आली, उलटी झाली, तर आत पीळ पडलेला असू शकतो. मग काही तासांत ऑपरेशन लागतं, नवस नाही."

"बरं," सिप्रियन म्हणाला.

"आणखी एक." तिचा आवाज उतरला. "यामुळे कधी कधी मूल राहत नाही."

सिप्रियनने टेबलाकडे पाहिलं. समोर प्रिस्का कुणाला तरी बाळ बांधून देत होती.

सोमवारी तो स्वतःच्या पायांनी विरारला गेला. सोनोग्राफी झाली. मग त्याच्या हातात एक डबी देऊन त्याला एका खोलीत पाठवलं. तिथे भिंतीवर स्वच्छतेचं महत्त्व सांगणारा तक्ता होता. तो त्याने दोनदा पूर्ण वाचला. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. व्हॅरिकोसील आहे, शुक्राणू कमी आहेत. लहान ऑपरेशन करता येईल, त्याने बऱ्याच जणांना फरक पडतो, हमी मात्र नाही. शेगडीची धग मांड्यांशी घेऊ नका, सिगारेट सोडा, आतले कपडे सैल नकोत पण आवळणारेही नकोत. अंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा हाताने चाचपत जा, कडक गाठ लागली तर ती दुखत नसली तरी दाखवा. शेवटी ते म्हणाले, "सुरुवातीलाच दोघांनी एकदम यायचं होतं."

वाटेत सिप्रियनला स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षावाल्याला पाचूबंदरला सांगितलं की आणखी कुठे, हेही त्याला आठवेना.

घरी लूर्डस दारात बोंबील साफ करत होती. शेजारच्या दोघी बसल्या होत्या. आत प्रिस्का भांडी लावत होती आणि लूर्डस तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होती, "निर्मळ गावाला एक बाई औसद देते म्हने. पन हिला जायाला नको."

सिप्रियन समोर उभा राहिला. "आय, खोट माझ्यात हाय. आज कळलं. तिच्यात कधीच नव्हती."

लूर्डसने इकडेतिकडे पाहिलं. "हलू बोल, लोक ऐकतील."

"सात वर्सं तू हलू बोललीस काय? आनि मी गप ऱ्हायलो. चूक तुझ्यापेक्षा माझी मोठी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. लूर्डसच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मग तिने शेजारणींकडे मान वळवली आणि सुरी उगारली.

"ऐकलात ना? यापुढं माझ्या सुनेला कोनी एक सबद बोलला, तर माझ्याशी गाठ हाय!"

सात वर्षांत त्या सुनेला सगळ्यांत जास्त बोललेली बाई हीच. प्रिस्का दारात आली, सासूच्या हातातल्या सुरीकडे तिने पाहिलं, खाली मान घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. ती चौकटीला धरून हसली, पोट धरून हसली, आणि मग त्याच दमात रडायला लागली. सिप्रियन पुढे झाला. तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत फटका मारला आणि तोच दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.