आभाळातल्या तिघांचा वाटा

बनसोडे गुरुजींची आणि माझी ओळख झाली ती तांब्याभर पाण्यावरून. वेल्ह्याला एसटीतून उतरून, डोंगर चढून, मी त्या वाडीच्या शाळेत दुसरी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले होते. घामानं निथळत होते. गुरुजी शाळेच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी नमस्कार केला, घसा खाकरला आणि विचारलं, "बाई, पाणी वाडीतनं मागवू, का आमच्या माठातलं चालेल?"

मी उत्रोलीची, तोंडानं फटकळ. म्हटलं, "का, माठ गळका आहे का तुमचा?"

गुरुजी मनापासून हसले. पण एका शिक्षकाला असा प्रश्न विचारावा लागतो, हे मला तेव्हा खुपलं ते आजही खुपतं.

गुरुजींच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी त्यांच्या 'शैक्षणिक कार्यावर' लिहावं, असं समितीचं म्हणणं आहे. त्यावर लिहायला मोठमोठी मंडळी आहेत. मी बापडी, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

गुरुजी आंबवड्याचे, बौद्ध समाजातले. त्यांच्या पत्नी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. शाळेला लागून एक खोली होती, तिथं ते राहत. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथलीच माणसं आज सत्काराला पहिल्या रांगेत बसणार आहेत. बसू देत. माणसं वाईट नव्हती. दिवसभर "गुरुजी, गुरुजी" करीत, पत्रं वाचून घेत, आजारपणात औषध विचारीत. पण झऱ्यावर गुरुजींना आपली कळशी बुडवता येत नसे. एखादी बाई येईपर्यंत थांबायचं, मग ती वरून पाणी ओतणार. नाचणी, पावटे, काकड्या, सगळं मायेनं यायचं, पण ओट्यावर ठेवून माणूस परत फिरायचा. उंबरा ओलांडून त्यांच्यासमोर जेवायला कुणी बसत नसे.

दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खात असू. संध्याकाळी मी आईकडे, पाटलांच्या पडवीत आमचं बिऱ्हाड होतं तिथं जायची. जाताना त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येई. मला वाटे, चला, आज कुणीतरी आलं. पाहावं तर ताटासमोर ट्रान्झिस्टर मांडलेला, आणि गुरुजी एकटे जेवतायत. "जेवताना कसल्या बातम्या ऐकता?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, समोर कुणीतरी बोलत असलं की घास उतरतो." एवढं बोलून त्यांनी आवाज जरा मोठा केला.

शनिवारी मी उत्रोलीच्या घरी निघाले की ते मला ओढ्यापर्यंत सोडायला येत. सोमवारी परतले की त्याच ओढ्याशी, त्याच दगडापाशी उभे. मी चिडवायची, "गुरुजी, रविवारभर हितंच उभं होतात का?" ते म्हणत, "पाण्याचा काय भरवसा, म्हणून आलो." ऐन उन्हाळ्यात, ओढा ठणठणीत कोरडा असताना हे उत्तर!

त्याच ट्रान्झिस्टरवर स्कायलॅबची बातमी आली. अमेरिकेनं आभाळात एक घर सोडलंय, तिघं जण त्यात राहतात आणि ते घर पृथ्वीभोवती फिरतंय. गुरुजींना त्या घराचं वेडच लागलं. भोरला जाऊन त्यांनी वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवली आणि शाळेच्या अंगणात चुन्यानं ते घर आखलं. ही निजायची जागा, उभ्यानं, भिंतीला बांधलेल्या पिशवीत. ही व्यायामाची सायकल, जी कुठंच जात नाही. आणि हे तिघांचं जेवायचं टेबल. पाय अडकवून बसायचं, नाहीतर माणूस ताटासकट तरंगत जाणार! मुलं तिघा-तिघांनी आत जाऊन अर्धा अर्धा तास राहायची. त्या काळात पोरं भूगोलाच्या तासाला दांडी मारीनाशी झाली. जेवणाच्या टेबलाबद्दल सांगताना मात्र गुरुजी फार रेंगाळत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

थंडी पडली, आभाळ निवळलं. दिवेलागणीच्या सुमाराला कधीकधी एक चांदणी सरसर सरकत जायची. "ते बघा, चाललं घर," गुरुजी म्हणायचे. सगळी वाडी अंगणात गोळा होऊ लागली. एकदा गंगूआक्का आल्या. त्या पाटलांच्या चुलती, आणि वाडीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, त्यांला पानी कोन भरतंया?"

"पाणी वर भरून नेलंय, आक्का. टाकीतलं."

"तिगंबी येकाच जातीचं हायती?"

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी हसले नाहीत. "ठावं न्हाई. पण टाकी एक आन् टेबल एक. इटाळ पाळायचा तर जायाचं कुठं? दार उघडलं की मरण."

आक्कांनी पुन्हा वर पाहिलं. म्हणाल्या, "तिगं हायेत ते बरं हाय. येकल्या मान्साला न्हाई व्हायाचं त्ये."

गुरुजींनी मान खाली घातली. मी शेजारीच होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग संक्रांत आली. आमच्याकडं रीत अशी की घरचं माणूस सणाला परगावी असलं तर त्याचा वाटा काढायचा, आणि त्याच्या जवळचं जे कुणी हाताशी असेल त्याला खाऊ घालायचा. सकाळी शाळेत मुलं तिळगूळ वाटत होती, तेवढ्यात आक्का आल्या. ओट्याशी थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडून थेट गुरुजींच्या खोलीत! अंगणातली माणसं टकामका बघायला लागली. मी दारात उभी.

"गुरुजी, त्या तिगांचा सन जातुया तिकडं आभाळात. त्यांचा वाटा आनलाय," आक्कांनी पदराची गाठ सोडली. "त्यांचं समदं तुमाला ठावं, म्हंजी हितं त्यांचं मानूस तुमीच. घ्या." आणि तिळाचे तीन लाडू त्यांनी गुरुजींच्या हातावर ठेवले. हातावर!

आता आली पंचाईत. तिळगूळ घेतला की द्यावा लागतो, आणि गुरुजींच्या घरात तीळ नव्हते. त्यांनी डबा उघडला, गुळाचा खडा काढला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं. ते तसेच उभे राहिले. पुढं करावं की करू नये, हे त्यांना कळेना.

"द्या की! का वरच्या टाकीतनं भरून येतंय?" आक्का कडाडल्या. त्यांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "ह्ये त्या तिगांच्या नावचं झालं. आता माज्या नावचं द्या." आणि पाट ओढून खाली बसल्या.

त्या दिवशी ट्रान्झिस्टर लागला नाही.

वाडी एका रात्रीत बदलली असं मी लिहिलं, तर गुरुजीच हे पान फाडतील. झऱ्यावर पाणी वरून ओतणं त्यानंतरही बरेच दिवस चाललं. पण आक्का दर सणाला येत राहिल्या, त्यांच्या मागून आणखी दोन-तीन घरं आली. ते तिघं पृथ्वीवर परतले तेव्हा गुरुजींनी आक्कांना सांगितलं, "गेले घरी." आक्का म्हणाल्या, "जाऊंदेत. तुमी हायसा नव्हं?" पुढं आक्का वारल्या. गुरुजींची बदली झाली, मग निवृत्ती. आंबवड्याच्या घरात ते पुन्हा एकटे झाले, आणि वरचं घरही रिकामंच फिरत राहिलं.

यंदा स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव काय हलकल्लोळ माजला, ते तुम्ही पाहिलंत. कुणी कोंबडी कापली, कुणी देव पाण्यात घातले. उद्या मरायचंच तर आज खाऊन घ्या! मी आंबवड्याला गेले, तर गुरुजी पडवीत बसून पावसानं भरलेल्या आभाळाकडे पाहत होते. म्हटलं, "भीती नाही वाटत?"

"भीती कसली? वाईट वाटतंय. रिकामं घर किती दिवस तग धरणार, बाई?"

मग उठून ताट वाढायला गेले. एक त्यांचं, एक माझं. ट्रान्झिस्टर कोनाड्यात होता, त्याच्यावर धूळ नव्हती.

गुरुजी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. तुमचे गुडघे शाबूत राहोत, भूक चांगली लागो, आणि त्या ट्रान्झिस्टरचे सेल कायम उतरलेले राहोत. आणि मंडळी, शाल-श्रीफळ देऊन, फोटो काढून पळू नका. भोरहून आंबवड्याला एसटी आहे. जेवणाच्या वेळेला जा. गुरुजींसमोर पाट ओढून बसा, आणि त्यांनी विचारायच्या आत, त्यांच्या माठातलं पाणी मागा.