काचेखालचा गोंद आणि सुनंदाताई

सुनंदाताई आज पहाटे गेल्या, आणि मला रडू यायच्या आधी भीती वाटली.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. नाव लिहीत नाही, उगाच नोकरी जायची.

आम्ही सॅटेलाइटच्या सोलर पॅनलवर काच चिकटवतो. खाली सेल, वर काच आणि मध्ये सिलिकॉनचा पारदर्शक गोंद.
तो वर जाऊन पिवळा पडला की सेलला ऊन कमी मिळतं आणि करंट घसरतो. तिथं जाऊन दुरुस्त करणारं कोणी नसतं.

ताई लॅबच्या हेड. एम.एस्सी. केमिस्ट्री, गाव अंथुर्णे, आणि अख्ख्या कंपनीत सगळ्यात भित्र्या.

मी चिडवायचे, "ताई, तुमी चहासुद्धा टेस्ट रिपोर्ट बघून पिता."
"पी गं तू. मला भ्या वाटतंय तेच बरं हाय."

फ्लाइट पॅनल, म्हणजे खरोखर वर जाणारं पॅनल, करायच्या दिवशी त्यांचे वडील, आबा, गेटवर डबा घेऊन आले. थेट द्राक्षाच्या बागेतून.
मोठं काम होतं, म्हणून ताईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आपण सगळेच लावतो.
मग आत आल्या, घाईत हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले आणि गोंद कालवला.

संध्याकाळी त्याच गोंदाची बाजूला ठेवलेली सॅम्पलची वाटी बघितली, तर कडेचा गोंद बोटाला चिकटत होता. घट्ट झालाच नव्हता.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. माझ्यासमोरच त्यांनी आबांना फोन लावला, स्पीकरवर.
"आबा, सकाळी बागेत काय केलंसा?"
"द्राक्षावर भुरी आलीया न्हवं, गंधक धुरळला. का गं?"
"काय न्हाय. जेवलासा का?"

गंधकाचा कण जरी लागला, तरी हा गोंद धरत नाही. दुधाला विरजणच लागू नये, तसं होतं.

पॅनलवरचा गोंद मात्र घट्ट दिसत होता. सगळ्या टेस्ट पास झाल्या.
तरी ताई म्हणाल्या, काचा काढू, परत करू.
साहेब म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट पास आहे. तुम्ही वडिलांच्या पाया पडलात म्हणून पॅनल बिघडलं, असं कस्टमरला सांगू का?"
सगळे हसले. मीसुद्धा.

पॅनल वर गेलं.

आबांना ताईंनी कधीच सांगितलं नाही. "माझ्या पायानं झालं म्हणतील, जेवायचे न्हाईत."
आबा फेसबुकवर नाहीत, म्हणून इथं लिहितेय. कृपा करून कोणी त्यांच्या कानावर घालू नका.

त्यानंतर रोज सकाळी कस्टमरचा मेल आला की ताई आधी करंटचा आकडा बघायच्या, मग डबा ठेवायच्या.

शेवटच्या आजारपणात बारामतीच्या हॉस्पिटलमध्ये ताईंना बोलायचं त्राण नव्हतं, तरी मला बघितलं की तोच प्रश्न.
"आज करंट किती?"
"कालच्याएवढाच."
"खोटं बोलू नगंस."
"आईशप्पथ, ताई."
आणि ते खरंच होतं. कालपर्यंत खरं होतं.

आज अंथुर्ण्यात सगळं आटोपल्यावर मी फोनवर कस्टमरचा मेल बघितला.
करंट उतरलाय. थोडासाच.
उन्हाचा कोन असेल. सेन्सर असेल. नाहीतर गोंद पिवळा पडायला लागला असेल.
यातलं काय झालंय, हे ओळखणारं माणूस आमच्याकडे एकच होतं.

मी फोन पर्समध्ये टाकेपर्यंत आबा शेजारी येऊन बसले.
"पोरी, आमच्या सुनंदीचं ते वरलं काम... बरं चाललंय न्हवं?"

"व्हय आबा. एकदम बरं चाललंय."

त्यांनी मान हलवली, आणि मग पहिल्यांदा रडले.

ताई, तुम्ही आता निवांत राहा. मला मात्र फार भीती वाटतेय.