पांडूच्या प्रेसवरच्या फळ्या

कर्जत स्टेशनावर आम्ही दोघं उभे होतो, मी आणि माझा चुलतभाऊ पांडू. काकी कडावहून बैलगाडीने पोचवायला आली होती. आगगाडी आत येताना ती मला म्हणाली, "तुझ्या भरवशावर धाडते रं. त्याला एकटा सोडू नको."

लढाईचे दिवस होते, मुंबईच्या कारखान्यांना माणसं हवी होती. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला लाकडी फळ्यांच्या एका कारखान्यात तपासनीस नेमलं. पांडूला तिथल्याच प्रेसवर घेतलं.

तिथे नेमकं काय करतोस, असं तुम्ही गावी राहिलेल्यांनी मला कितीदा विचारलंत. लाकडाचे पातळ पापुद्रे राळ लावून एकावर एक ठेवायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे, की दणकट फळी तयार होते. त्या फळ्या लष्कराच्या होड्यांना लागत. मी प्रत्येक फळी लाकडी हातोडीने ठोकून बघायचो. आवाज खणखणीत आला तर पास. बद्द आला तर आत पापुद्रे सुटलेले असायचे, मग तांबड्या खडूची फुली.

पुढे मागणी वाढली आणि फोरमन फळ्या लवकर बाहेर काढायला लावू लागला. राळ धड धरेना. पांडूच्या प्रेसवरच्या फळ्या बद्द वाजायला लागल्या. मी फुल्या मारत गेलो. फोरमनने साहेबाला सांगितलं, प्रेसवरचा माणूस कामचुकार आहे. मी स्वतः साहेबाकडे गेलो, दोष घाईचा आहे, माणसाचा नाही, असं बजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तू फळ्या तपास. माणसं आम्ही तपासू." पांडूला काढलं, आणि माल नीट पारखतो म्हणून माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्याची मला अजून चीड येते.

वळकटी बांधताना पांडूने विचारलं, "फुल्या नसत्या मारल्यास तर?"

"होडी पान्यात उकलली असती. आत मानसं बसतात रं."

"ती मानसं तुला ठावं नाय," तो म्हणाला. "मी ठावं हाय."

लढाई संपली. कारखाना आता चहाच्या पेट्यांच्या फळ्या करतो. फोरमन तोच आहे, घाईही तीच, आणि माझी हातोडीही चालूच आहे. कडावला गेलो की काकी पाणी देते आणि आत निघून जाते. गेल्या खेपेला पांडू शेताच्या बांधावर भेटला. अजून राग हाय का, म्हणून मी विचारलं.

"तू बराबर हुतास," तो म्हणाला. "म्हनून तर राग जात नाय. चुकला असतास तं कवाच सोडला असता."

आणि इथे मुंबईत तुम्ही, माझ्यासारखे गाव सोडून आलेले, सुट्टीच्या दिवशी घराच्या गोष्टी काढून बसता. घर कुठलं म्हणून विचारलंत तर कडावच सांगेन. मला खरं ओळखणारी माणसं तिथेच आहेत. फक्त त्यांच्याजवळ बसायचं कसं, ते मला कळत नाही.