सुनेची लाथ

माझ्या सुनेने मला सलग साडेतीन महिने रोज सकाळी लाथ मारली आणि ती खायला मी रोज स्वतः चटई अंथरून पालथी पडत होते. हे वाक्य मी नातेवाइकांच्या लग्नात, पंगत रंगात आली की मुद्दाम मोठ्याने बोलते. जेवणारे हात थांबतात. मग मी सावकाश मठ्ठा पिते आणि पुढचं काही सांगत नाही. इथे मात्र सांगायला हवं.

पाठीचं दुखणं मला पाण्याने दिलं. दोन हजार सालच्या आसपास आम्ही लालबागची खोली विकून भाईंदर पूर्वेला, नवघरला जागा घेतली. दोन बाल्कन्या, भरपूर उजेड आणि पाणी दिवसाआड. टँकर आला की अख्खी बिल्डिंग कळशा घेऊन खाली धावायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त बिल्डरच्या नकाशात. शाळेत सव्वीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेली मी, खुर्चीत बसून घडलेली बाई. एका सकाळी दोन भरल्या कळशा घेऊन जिना चढताना कमरेत कट्कन काहीतरी झालं आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी राहिले ती राहिलेच. पाणी मात्र थेंबभर सांडू दिलं नाही. एवढं सोसून आणलेलं पाणी सांडतं कोण?

मग पट्टा झाला, शेक झाला, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी एक जोरकस कॅप्सूल लिहून दिली आणि म्हणाले, "मावशी, ही अफूच्या घराण्यातली आहे. पंधरा दिवसच घ्यायची. जपून."

घराणं चांगलंच निघालं. अर्ध्या तासात दुखणं उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं. पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. केमिस्ट आधी कागद मागायचा, मग मागेनासा झाला, मग मी रस्ता ओलांडतानाच पाकीट काढून ठेवायला लागला. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पोट साफ होईना, दुपारी डोळे उघडेनात, आणि एखादी चुकली की अंगाची नुसती तलखी व्हायची. हे मी कुणाला सांगत नव्हते. कुणी विचारलं तर "वय झालं" म्हणायचे. साठ हे काही वय नव्हे, हे मलाही ठाऊक होतं.

दरम्यान मुलाचं लग्न झालं. सून रोह्याची, अंधेरीला ऑफिसात जाणारी, फार कमी बोलणारी. मला बोलणारी माणसं आवडतात, कारण त्यांना मध्येच तोडता येतं. ही काही बोलतच नाही तर तोडायचं काय? वर्षभराने नात झाली आणि आमचं ठरलं की सुट्टी संपली की सून कामाला जाईल आणि पोरीला मी सांभाळीन. ह्यांच्या मागे घर मला खायला उठत होतं. नात आल्यावर पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी सून तासाभरासाठी बँकेत गेली. पोर माझ्या शेजारी पलंगावर. मी गोळी घेतलेली. डोळे उघडले तेव्हा खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती आणि दारात सून, हातात चावी. पोरीचा चेहरा रडून रडून लालभडक झाला होता.

"अरे बेन, बेबी कितना रो रही थी! मैं इतना बेल बजाई, आप उठती ही नहीं," शेजारीण सांगत होती. सून वेळेवर परत आली म्हणून दार तरी उघडलं होतं.

सुनेने आरडाओरडा केला असता तर मी पुरून उरले असते. तिने पोरीला घेतलं, पाजलं, आणि संध्याकाळी भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, मी पाळणाघर बघतेय. पलीकडच्या इंद्रलोक वसाहतीत एक चांगलं आहे म्हणतात."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही गोळ्या घेताय तोवर नाही," ती म्हणाली. बस, एवढंच. पोर मला परक्या बाईकडे जाताना दिसायला लागली, आणि दोष द्यायला समोर कुणी नव्हतं.

मी गोळ्या सोडायचा विडा उचलला. सोडायच्या तर पाठीचं काहीतरी बघायला हवं. शेजारणीने प्लॅस्टिकच्या काट्यांची चटई दिली, तिच्यावर मी भीष्मासारखी पडून राहिले. पाठीवर नक्षी उठली, गुण नाही. मुलाने लोहचुंबकाचा पट्टा आणला. त्याला उलथनं चिकटायचं. मग कुणी सांगितलं म्हणून रिक्षा करून मीरा रोडला नया नगरात एका हाड बसवणाऱ्या पहिलवानाकडे गेले. तो म्हणाला, "अम्मा, साँस छोड़ो." मी श्वास सोडला, त्याने कंबर सोडली नाही. दोन दिवस मी खाटेवरच. आणि प्रत्येक वेळी, हे सगळं करून झाल्यावर, लपवलेल्या पाकिटातून गोळी.

अशात आमच्या दारावर मासे घेऊन येणारी नवघर गावातली म्हातारी मला वाकडी उभी बघून म्हणाली, "गो बाय, कनचं डाक्तर नि काय! पायालू मानूस हाय का तुमच्यात? त्याची लाथ खावाची पाठीत. दुसरं अवषिद न्हाय."

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. त्याचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी जेवताना सहज विषय काढला, की आता पायाळू कुठे शोधायचा, हल्ली तर सगळी पोट फाडूनच येतात. सून भात वाढत होती. खाली मान घालून म्हणाली, "मी आहे."

घास माझ्या हातातच राहिला. म्हणजे मला सुनेची लाथ खावी लागणार! आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या सुना हे ऐकून, नवस फळला म्हणत, उपास सोडायला धावल्या असत्या.

पण गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्वेकडे डोकं करून पालथी पडले. तिने उजवा पाय माझ्या कमरेवर टेकवला, हलकेच तीनदा मारला आणि लगेच वाकून माझ्या पाया पडली. जगभर सुना आधी पाया पडतात आणि मग लाथा घालतात. आमच्या घरात क्रम उलटा होता.

तिच्या रोह्याकडचे नियमही भारी होते. लाथेआधी उताणं पडून, गुडघे दुमडून, कंबर दहा वेळा उचलायची. मग ओणवं होऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची. लाथेनंतर तलावापर्यंत चालत जाऊन यायचं आणि वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, बोललं की गुण उतरतो. हा नियम ऐकून मी तिथेच खचले. आणि मुख्य म्हणजे अंगात गोळी असली की पाय लागू पडत नाही. पण एकदम बंद करायची नाही. आधी दुपारची, मग काही दिवसांनी सकाळची, मग रात्रीची, तीही आधी दिवसाआड. पाकीट सुनेकडे राहणार. दैवी नियमांत इतक्या हप्त्यांची सोय असते, हे मला नवीन होतं.

ते दिवस काही गमतीचे नव्हते. नाक वाहायचं, घाम फुटायचा, पाय एका जागी ठरेनात. एकदा मी शेजारणीला गुपचूप केमिस्टकडे पाठवायला निघाले तर ती म्हणाली, "ना बेन, बहू ने मना किया है." मी वर येऊन सुनेला नको नको ते बोलले. माझ्याच घरात मला लाथा मारतेस, पोरीला माझ्यापासून तोडतेस, इथपर्यंत गेले. ती पोरीला थोपटत बसून राहिली. सकाळी चटई तिनेच अंथरलेली होती. मला स्वतःची लाज वाटली, पण मी ती बोलून दाखवली नाही. गुपचूप पालथी पडले.

हळूहळू जिना एका दमात चढता यायला लागला. दुखणं गेलं नाही. ते अजून आहे. पण पूर्वी ते मला बसवायचं, आता मी त्याला थोडं बसवते. शेवटची गोळी सुटली तशी बिल्डिंगभर बोंब झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या पायाला गुण आहे. बायका कमरेवर हात ठेवून यायला लागल्या. सून कामं आहेत म्हणून सटकायची. मीच कौतुकाने सगळ्यांना बसवून घ्यायचे.

अशाच एका रविवारी रोह्याहून विहीणबाई आल्या. तीन-चार बायका बसलेल्या होत्या. शेजारणीने विचारलं, "आपकी बेटी उल्टी पैदा हुई थी ना?"

"कोण, ही?" विहीणबाई पोह्याचा पापड मोडत म्हणाल्या. "छे! ही तर सरळ डोक्याकडूनच..."

मी सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका क्षणात मला चटई, मांजर, तलाव आणि ते हप्ते, सगळं उमगलं. साडेतीन महिने मी ठार मूर्ख बनले होते. मी, जिने शाळेत हेडमास्तरांच्या चुका काढल्या!

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुम्ही त्या वेळी शुद्धीवर तरी होतात का? बाळंतिणीला काय कळतंय, आधी काय आलं ते?"

बायका खो खो हसल्या. विहीणबाई गाल फुगवून बसल्या आणि त्या रागात अजून चार पापड संपवून गेल्या.

स्वयंपाकघरात मी सुनेला गाठलं. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "गोळ्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. व्यायाम फिजिओथेरपीवाल्या बाईंनी. तो कागद मी आधी तुम्हालाच दिला होता, आई. तुम्ही त्यावर मेथी निवडलीत."

"आणि ते न बोलता चालायचं?"

"नाहीतर तुम्ही गेटवरच गप्पा मारत उभ्या राहिला असता."

"मग सरळ सांगायचं होतंस."

"सरळ सांगून तुम्ही कधी माझं ऐकलंय?"



पुढच्या सोमवारी ती वाढवून घेतलेली सुट्टी संपवून कामावर गेली. नात माझ्याकडे. पाळणाघराचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. मी फोनजवळ खुर्ची ओढून बसले, म्हटलं बाई तासातासाला चौकशी करणार. अकरा वाजले, बारा वाजले. पोरीला न्हाऊ घालताना कंबर धरली, तेव्हा तिला चटईवर शेजारी निजवून मी दहा वेळा कंबर उचलली. ती टकामका बघत होती. दोन वाजले, चार वाजले. फोन मेला की काय म्हणून मी दोनदा उचलून कानाला लावला. चांगला चालू होता. माझं डोकं तापत गेलं. स्वतःच्या पोरीची एवढीही काळजी नाही?

सात वाजता ती दारात आली तशी मी सुरूच झाले. "दिवसभरात एक फोन करवला नाही तुला? पोर कशी आहे, जेवली का, झोपली का, काही विचारायला नको?"

ती वाकून चपला काढत होती. मानही वर न करता म्हणाली, "कशाला? तुम्ही होतात ना."

आणि हात धुवायला आत गेली. माझी भांडणाची सगळी तयारी तशीच राहिली.