चार दिवसांत उरकलेला अल्बम

माणसं दुखणी साठवतात, जुन्या पिशव्या साठवतात. आम्ही किस्से साठवले. मुद्दाम नव्हे. चार माणसं चाळीस वर्षं एका खोलीत वाजवायला बसली की वाजवणं कमी आणि भांडणं जास्त होतात, आणि भांडण जुनं झालं की त्याचा किस्सा होतो. आमच्या अल्बमचं मात्र उलटं झालं. चार दिवसांत अल्बम झाला आणि तेवढ्यातच चाळीस वर्षांएवढे किस्से झाले. लोक येता-जाता विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी सातवी नापास. चुका काढायच्या असतील तर अल्बममधल्या काढा, तिथं जास्त आहेत.

आमचा बँड म्हणजे वरातीचा नव्हे. रॉक. सोलापुरात हे सांगून सांगून तोंड दुखलं, तरी लग्नसराई आली की कुणीतरी विचारतंच, "घोडा तुमचाच, का आमी आणायचा?"

ड्रमवर मी, नामदेव. धंद्यानं जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. लोकांना वाटतं मी ताल मागावर शिकलो. काही नाही. मागावर माणूस फक्त बहिरा होतो. गिटारवर व्यंकटेश, त्याच्या घरचेच दोन माग आहेत. बेसवर अक्कलकोटचा बसवराज. गाणी पण तोच लिहितो. आणि गाणारा रफीक टेलर.

बँडचं नाव ‘पॉवरकट’. लाइट गेली की माग बंद, माग बंद की आम्ही मोकळे, म्हणून ठेवलं. लाइट गेली की गिटारही बंद पडते, हे बोर्ड रंगवून झाल्यावर बसूच्या लक्षात आलं.

*

अल्बमचं असं झालं. एका बुधवारी संध्याकाळी व्यंकूच्या खोलीत बसलो होतो. रफीक गायला उठेना.

"घशात गाठ हाय," तो म्हणाला. "सोमवारी काढणार. आवाज राहील का म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी माणूस राहू दे."

व्यंकू तार पिळत बसला होता, ती तुटली.

"असली तोंडं करू नका रे. मी अजून बसलोय की हितं. अल्बम करूया."

अल्बम करू, हे आम्ही तरुणपणापासून म्हणत होतो. कधी याचं दुखणं, कधी त्याच्या पोरीचं लग्न. सगळ्या आयुष्यात चार गाणी पुरी झाली होती. अल्बमला दहा लागतात, असं व्यंकू म्हणाला. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

"चार दिवस हायत," रफीक म्हणाला. "एका गाण्याला धा वर्षं, ही सवय आता सोडा."

*

स्टुडिओ मिळाला चिंचोळी एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक सागर, तिशीतला, रिक्षावर लावायच्या जाहिराती रेकॉर्ड करणारा. आम्हाला बघून म्हणाला, "काका, कुठल्या पक्षाचं हाय?"

रफीकचा आवाज सकाळी दोन तास चांगला लागायचा. अगदी जुना आवाज. बारा वाजले की पत्र्यावर वीट घासल्यासारखा व्हायचा. म्हणून सकाळचे दोन तास सोन्याचे. आणि बरोबर त्याच वेळी शेजारच्या शेडमध्ये पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालायचं. धप्प, धप्प, धप्प.

मी तिथल्या सुपरवायझरला जाऊन सांगितलं, दोन तास थांबवा. तो म्हणाला, "मशीन थांबत न्हाय. तुमी थांबा."

थांबायला वेळ होता कुणाला? मी परत आलो, ड्रमवर बसलो आणि त्या मशीनच्या ठोक्यावर ठोका धरून वाजवायला लागलो. दोन गाणी तशीच झाली. ऐका, मागं धप्प धप्प आहे.

गाणं संपल्यावर व्यंकूनं डोळे पुसले. म्हणाला, "चाळीस वर्षांत पैल्यांदा नाम्या तालात वाजवला."

*

सहा गाणी अर्धीमुर्धी होती, म्हणजे चाल होती आणि शब्द नव्हते. बसू समोर बसून लिहायचा आणि रफीक लगेच गायचा. कागद संपला तेव्हा बसूनं पिशवीतून भाच्याची लग्नपत्रिका काढली. पाठच्या कोऱ्या बाजूला दोन कडवी बसली. तिसरं कडवं आतल्या पानावर, छापलेल्याच्या कडेनं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं.

दुपारची वेळ. रफीकचा आवाज जायला आलेला. चष्मा घरी. दोन कडवी म्हटली, पत्रिका उलटली, आणि जे मोठं दिसलं ते म्हणायला लागला.

"आपली उपस्थिती हाच आहेर..."

आम्ही एकमेकांकडं बघतोय. थांबवायचं कुणी? परत म्हणायला घशात काही उरलं नव्हतं. आणि तो म्हणत असा होता, की जणू कुणीतरी कायमचं उठून चाललंय आणि हा दार धरून उभा आहे. तीनदा म्हटलं. पुढं मंगल कार्यालयाचा पत्तापण म्हटला, त्याच दुःखात.

काचेपलीकडं सागर नाक ओढत होता. बसू माझ्या कानाला लागला. "नाम्या, हे माझ्यापेक्षा बरं लिवलंय की."

तसंच ठेवलं. परवा एका प्राध्यापकानं मला थांबवून सांगितलं, की त्या ओळीत आजच्या माणसाचा एकटेपणा आहे. मी म्हटलं, जेवणाची वेळ पण आहे, नीट ऐका.

*

व्यंकूचं दुखणं वेगळं. त्याला एका गाण्यात गिटार एकट्यानं वाजवायची होती. किती वेळ, ते सांगेना. शनिवारी डोळे मिटून सुरू झाला. तीन मिनिटं झाली, पाच झाली. मी हात वर केला, बसूनं बेस खाली ठेवला. ह्याचे डोळे मिटलेलेच. आम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, तरी चालूच.

"काका, मी तीन मिनिटालाच बंद केलं रेकॉर्डिंग," सागर हळूच म्हणाला. "सांगू का त्यांना?"

"वाजवू दे," रफीक म्हणाला. "लई वर्षं थांबलाय तो."

व्यंकूनं नंतर अल्बम ऐकला आणि मला म्हणाला, "बघ. कुटं थांबायचं ते कळतं मला."

*

शमीमभाभी, म्हणजे रफीकची बायको, रोज गरम पाण्याचा थर्मास घेऊन दारात खुर्ची टाकून बसायची. आत यायची नाही. तिला आमचं संगीत म्हणजे भंगारवाल्याची हातगाडी उलटल्यासारखं वाटतं, हे तिनं लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलेलं आहे.

रविवार सकाळ उजाडली तेव्हा नऊ गाणी झाली होती. शमीमभाभीनं आमच्याकडं बघून एक बोट दाखवलं. एकच गाणं, मग दवाखान्यात भरती व्हायला जायचं.

आता माझं ऐका. दुसऱ्या गाण्यात मी मधेच चुकलो होतो. चुकलो म्हणजे पार घसरलो. मी म्हटलं, दहावं राहू दे, ते दुसरं परत करू. लोक काय म्हणतील? व्यंकू म्हणाला, नाम्याचं बरोबर आहे. बसू म्हणाला, दहाव्याची एकच ओळ झालीय. तिघं भांडायला लागलो. सोन्याचे दोन तास आणि त्यातला अर्धा तास आम्ही भांडण्यात घालवला.

रफीक पाणी पीत ऐकत होता. शेवटी त्यानं थर्मासचं झाकण लावलं.

"नाम्या, जुनं वाईट दुरुस्त करून काय मिळणार? नवीन वाईट करूया की."

केलं. एकाच ओळीचं गाणं आहे ते. तीच ओळ त्यानं फिरवून फिरवून म्हटली, प्रत्येक वेळी वेगळी. शेजारचं मशीन रविवारमुळं बंद होतं. मी ड्रमला जवळजवळ हातच लावला नाही. मला जमलं असतं, पण लावला नाही.

संपलं तेव्हा शमीमभाभी आत येऊन उभी होती.

"इत्ता अच्छा गाते," ती म्हणाली, "तो घर में कायकू नै गाए?"

"घर में बोलने कू जगा मिली तो ना," रफीक म्हणाला.

ती हसली नाही. तिनं त्याच्या गळ्याला मफलर नीट गुंडाळला आणि दोघं रिक्षात बसले.

*

ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्यासंगं आवाजही गेला. माणूस आहे. पँट शिवतो, पाटी-पेन्सिल घेऊन गिऱ्हाइकाशी भांडतो.

अल्बम सागरनं नेटवर टाकला. वर फोटो लावला समुद्राचा. मी विचारलं, सोलापूरला समुद्र कुठला? तो म्हणाला, तुमच्या चौघांचा फोटो लावून बघितला होता काका, मग समुद्र लावला.

अल्बम कसा आहे, ते मीच सांगतो, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. तीन गाणी अशी आहेत, की सोलापुरात कुणी करून दाखवावी. चार बरी आहेत. तीन घाईत उरकलेली आहेत आणि ती तशीच ऐकू येतात.

*

गेल्या महिन्यात मी आणि रफीक सात रस्त्याजवळ चहा प्यायला बसलो होतो. गर्दी होती, म्हणून एक कुरिअरवाला आमच्याच टेबलावर येऊन बसला. पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. आमचं. बारानंतर, आवाज फाटल्यावर केलेल्यांपैकी एक.

माझा चहा हातातच राहिला.

"ऐका की काका," तो मला म्हणाला. "आपल्या सोलापूरचे हायत म्हणं. वाजवत्यात बरं. पण ह्या गाणाऱ्याला कुणी आणला? गळाच न्हाय की ह्याला."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रफीकनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मग रुमालाला हात पुसले, त्या माणसाचा मोबाइल आपल्याकडं ओढला, चष्मा लावला, बोटानं यादी खाली सरकवली आणि सकाळचं एक गाणं लावलं. मोबाइल परत त्याच्यासमोर ठेवला.

तो माणूस ऐकायला लागला. चहावर साय धरली तरी कप उचलेना. गाणं पुरं झालं.

"ह्याला म्हणत्यात गाणं," तो म्हणाला. मग रफीककडं वळला. "म्हंजी दोघं हायत व्हय चाचा, ह्यांच्यात गाणारे?"

रफीकनं दोन बोटं वर केली.

"वाटलंच मला," तो म्हणाला.